वीज सातबारा विचारत नाही

फेब्रुवारी सरत आला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. हरभरा सोंगणीला आलेला असतो. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात. कुठे तुरीची गंजी अजून खळ्यावर असते, तर कुठे शेवटच्या वेच्याचा कापूस घरात दाटीवाटीने भरलेला असतो. अशात एखाद्या दुपारी उकाडा वाढतो, पश्चिमेकडे काळे ढग चढतात आणि रेडिओवर, टीव्हीवर, मोबाईलवर बातमी येते : विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता. ज्याचे शेत आहे तो ताडपत्री घेऊन धावतो. ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो म्हणतो, आपल्याला काय त्याचे? आपले भिजायला आहेच काय?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घराघरांत पोचले पाहिजे, म्हणून हा लेख. पावसाची बातमी ही सातबारावाल्यांचीच बातमी आहे, असा एक समज आपल्या वस्त्यांमधून पक्का बसला आहे. खरे पाहिले तर भर दुपारी उघड्या शिवारात कोण असते? हरभरा सोंगणारी बाई असते. गुरे-शेळ्या राखणारा पोरगा असतो. वीटभट्टीवरचा मजूर असतो. झरी, मारेगाव, घाटंजी, केळापूरच्या जंगलात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारी माणसे असतात. वीज सातबारा विचारत नाही. ती उघड्यावर असणाऱ्याला गाठते, आणि उघड्यावर बहुतेक वेळा आपणच असतो.

या ऋतूची चाल

आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पण फेब्रुवारी ते मे हे दिवसही अगदी कोरडे जात नाहीत. त्यांची एक चाल ठरलेली असते. ती लक्षात ठेवली तर अर्धे काम होते.

जानेवारी-फेब्रुवारीत पहाटेचे धुके असते. आपल्याकडे त्याला धुवारी म्हणतात. रात्री आभाळ निवळते, वारा पडतो, जमीन झपाट्याने गार होते आणि जमिनीलगतच्या हवेतली वाफ बारीक थेंब होऊन तरंगत राहते. आदल्या दिवशी एखादी सर येऊन गेली असेल तर धुवारी हमखास. वर्धा, पैनगंगा, पूस, अडाण, अरुणावती या नद्यांच्या काठी आणि धरणांच्या पाण्याजवळ ती जास्त दाटते. एक किलोमीटरच्या आतलेच दिसत असेल तर हवामानखाते त्याला धुके म्हणते. तूर-हरभऱ्याच्या फुलांना धुवारीने नुकसान होते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण पहाटे गाडीत उभे राहून दहा-पंधरा कोसांवर मजुरीला जाणाऱ्या बायांना तिचा वेगळाच धोका असतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवड्यावरून जातो. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडवरून जातो. वणीकडे कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. धुक्यात बिघडून रस्त्यावर उभा असलेला ट्रक समोर येईपर्यंत दिसत नाही. अशा सकाळी मुकादमाला स्पष्ट सांगावे, उजाडल्यावर निघू. तासभर उशिरा पोचलेले परवडते.

मार्चमध्ये गारपिटीची भीती असते. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी ओलांडते आणि दुपार कलली की वादळवारा, विजा, धूळ आणि थोडाच वेळ पण दणकून पडणारा पाऊस येतो. सकाळी आभाळ स्वच्छ असते. म्हणून सकाळ पाहून दिवस ठरवू नये. या दिवसांतले वादळ बहुधा दुपारी तीननंतर, दिवेलागणीच्या सुमारास येते.

हे ढग येतात कुठून?

उन्हाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडून आणि वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा विदर्भात येतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा येतो. हे दोन वारे मध्य भारतावर जिथे एकमेकांना भिडतात तो पट्टा पुष्कळदा विदर्भावरून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत गेलेला असतो. त्यात जमीन तापून तवा झालेली. खालची दमट हवा हलकी होऊन वेगाने वर चढते आणि दोन-तीन तासांत कापसाच्या ढिगासारखा उंच ढग उभा राहतो.

या ढगात वर जाणारा वारा इतका जोराचा असतो की पाण्याचे थेंब खाली पडण्याऐवजी वर ढकलले जातात. चार-पाच किलोमीटर उंचीवर हवा गोठणबिंदूच्या खाली असते. तिथे थेंबाचा बर्फ होतो, त्यावर थरावर थर चढतात आणि वजन पेलवेनासे झाले की गार खाली येते. याच ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासून वीज साठते. ती उतरते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश तापते आणि फाटते. तो फाटल्याचा आवाज म्हणजे गडगडाट. यात कुणाचा कोप नाही, कुणाचे पाप नाही. तापलेली हवा, ओल आणि बर्फ एवढाच हा सगळा खेळ आहे.

गारपगाऱ्याची गोष्ट

काही जण म्हणतात, पूर्वी असे अवकाळी नव्हते. अवकाळीने अलीकडे वारंवार रडवले हे खरे. पण विदर्भात वसंतातली गारपीट जुनीच आहे, आणि तिचा पुरावा आपल्या गावगाड्यातच आहे. वऱ्हाडात आणि नागपूरकडच्या मराठी मुलखात गारपगारी नावाचे गावकामगार होते. गावच्या पिकावर गार पडू न देणे हेच त्यांचे काम. त्याबद्दल शेतकऱ्यांकडून त्यांना धान्य मिळे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात गारपगाऱ्यांची माहिती आहे. आभाळ भरून आले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. ढग हटले नाहीत तर स्वतःचा जीव देण्याची धमकी देई. पूर्वी तो अंगावर वारही करून घेई, असे तिथे नोंदले आहे. पुढे लोकांचा या उपायावरचा विश्वास उडत गेला आणि गारपगाऱ्याची मिळकत घटत गेली, हेही त्याच ग्रंथात आहे.

या गोष्टीला हसण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. त्या कुटुंबांची आजची पिढी भटक्या जमातींत मोडते आणि आपल्यासारखीच शिकून वर येऊ पाहते. आम्हाला त्यात दिसते ते वेगळेच. पीक दुसऱ्याचे, कोठार दुसऱ्याचे, आणि गार अडवायला अंग पुढे करायचे ते ज्याला शेत नाही त्याने! आभाळाचा धोका भूमिहीनाच्या देहावर टाकण्याची ही रीत गावगाड्याने फार आधी बसवली. तलवार गेली, मारुतीपुढची विनवणी गेली. पण ढग गडगडत असताना "एवढी पात उरकून टाका, मग जा" असे म्हणणारा आवाज अजून गेलेला नाही.

बातमीतले शब्द

आज गारपगाऱ्याच्या जागी हवामानखाते आहे. भारताचे हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो, आणि त्यात यवतमाळचे नाव वेगळे असते. ढग थांबवणे कुणाच्याच हाती नाही. पण तो येणार हे आधी कळते. अडचण एवढीच की त्या बातमीचे शब्द आपल्याला कुणी समजावून सांगितलेले नसतात.

पहिला शब्द "तुरळक ठिकाणी". आपल्याला वाटते, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. तसे नाही. हा शब्द जागांबद्दल आहे, जोराबद्दल नाही. शंभर ठिकाणांपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस पडणार असेल तर त्याला तुरळक ठिकाणी म्हणतात. सव्वीस ते पन्नास असेल तर काही ठिकाणी. एक्कावन्न ते पंचाहत्तर असेल तर बऱ्याच ठिकाणी. त्याहून जास्त असेल तर बहुतांश ठिकाणी. म्हणजे तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस थोडक्या गावांत पडेल, पण ज्या गावात पडेल तिथे टिन उडवून नेईल. वीज पडायला तर एकच जागा पुरते.

दुसरी गोष्ट रंगांची. हिरवा रंग असला तर इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. मोबाईलवर आणि वर्तमानपत्रात यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट म्हणतात ते हेच. पिवळ्या रंगाला पुष्कळ जण हसण्यावारी नेतात. पण वसंतातल्या विजा बहुतेक वेळा पिवळ्या रंगातच येतात, हे ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट वेळेची. काही दिवस आधीचा अंदाज जिल्ह्याचा असतो. वादळ जवळ आले की पुढच्या तीन तासांपुरता वेगळा इशारा निघतो. तो सगळ्यांत कामाचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दामिनी नावाचे मोबाईल अॅप तयार केले आहे. ते आपल्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असल्यास कळवते. पैसे लागत नाहीत. दहा बायांच्या टोळीत एकीकडे जरी साधा स्मार्टफोन असला तरी दहा जणींचे काम होते.

"अंदाज खोटा निघाला" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचाही हिशेब करू. आपला जिल्हा सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. वादळी ढग समजा दहा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस किलोमीटरचा. असे एकशे पस्तीस ढग मांडले तेव्हा कुठे जिल्हा झाकला जाईल. म्हणूनच नेरला गारा पडतात आणि दारव्ह्याला ऊन असते. दारव्ह्याच्या माणसाला अंदाज चुकला असे वाटते. तो चुकलेला नसतो, ढग शेजारून गेलेला असतो.

झाड आडोसा देते, आसरा देत नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे वीज पडून मेली. २०२२ साली निसर्गाच्या तडाख्याने देशात जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यांतले शेकडा छत्तीसच्या आसपास एकट्या विजेने झाले. पुराच्या बातमीला पहिले पान मिळते. विजेने एकेक माणूस वेगवेगळ्या गावी मरतो, म्हणून चार ओळींत भागते.

पाऊस आला की आपण निंबाखाली, चिंचेखाली, मोहाखाली धाव घेतो. भिजण्यापासून झाड वाचवते, विजेपासून वाचवत नाही. वीज उंच वस्तू आधी गाठते. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर उडी घेते, आणि मुळांच्या वाटेने जमिनीत पसरते. झाडाखाली एकत्र उभ्या शेळ्या एकदम मरतात त्या याच पसरलेल्या विजेने.

आता काय करायचे ते सांगतो. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. चमक आणि गडगडाट यांत तीस आकडे मोजायच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथून पुढची वीज तुमच्या शिवारात पडू शकते, डोक्यावर पाऊस नसला तरी. काम टाकून निघा. चारही बाजूंनी पक्क्या भिंती असलेले घर, शाळा किंवा विहार गाठा. दारे बंद असलेली जीप किंवा एस.टी. बससुद्धा चालते. उघडा ट्रॅक्टर, चार खांबांवरचे टिन आणि शेतातली मांडवाची झोपडी यांच्या भरवशावर राहू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नका. बरीच माणसे पाऊस ओसरला म्हणून लवकर बाहेर पडतात आणि जाता-जाता पडणाऱ्या विजेला सापडतात.

जवळ काहीच नसेल तर टोळीने एका जागी घोळका करू नका. काही पावलांचे अंतर ठेवून पांगा. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका, मान खाली घाला. आडवे झोपू नका. खांद्यावर उभी धरलेली कुऱ्हाड, पावडे, छत्री खाली ठेवा. विहीर, नाला, तारेचे कुंपण यांपासून लांब व्हा. घरात असाल तर चार्जिंगला लावलेला फोन हातात धरू नका. नुसता खिशातला मोबाईल मात्र वीज ओढत नाही. ती अफवा आहे.

अशीच एक जुनी अफवा पायाळू माणसाबद्दल आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्यावर वीज पडते, असे म्हणून अजूनही एखाद्या पोराला पावसाळ्यात घाबरवून सोडतात. विजेला कुणाचा जन्म कसा झाला हे कळत नाही. जन्मावरून माणसाला डाग लावण्याचा खोटेपणा आपल्याइतका कुणी भोगला आहे? मग आपल्या घरात तरी तो नको.

आणि एक गोष्ट घरातल्या थोरा-लहानांना पाठ करायला लावा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला हात लावता येतो. तो निपचित पडला असेल, श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने, भराभर दाबत राहावे आणि १०८ क्रमांकाला फोन लावून रुग्णवाहिका बोलवावी. त्याला मातीत किंवा शेणात पुरून ठेवण्यात मोलाचा वेळ जातो. विजेने थांबलेले हृदय वेळेवर दाबले तर पुन्हा चालू होऊ शकते.

अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न

हे सगळे वाचून एखादी ताई म्हणेल, बोलणे सोपे आहे. दुपारी तीनला काम टाकून निघाले तर मालक अर्धा दिवस कापतो. हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

जिवाची किंमत अर्ध्या रोजाहून मोठी आहे, हे सगळ्यांना पटते. पण घरी पीठ नसेल तेव्हा पात सोडवत नाही. एकटी बाई निघाली तर तिची मजुरी कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावणेही येत नाही. म्हणून हे एकटीने ठरवायचे काम नाही. टोळीने कामाला जाण्याआधी मुकादमाशी बोलून ठेवावे : गडगडाट ऐकू आला की सगळ्या एकदम थांबणार, आणि तेवढ्यासाठी रोज कापायचा नाही. अंदाज पिवळा किंवा नारिंगी असेल त्या दिवशी तास लवकर सुरू करावा, पहाट झाली की सोंगणीला लागावे आणि दुपारी दोनच्या आत उरकावे. ऊनही टळते, वीजही टळते. शेतकऱ्याचेही यात भले आहे. त्याच्या बांधावर माणूस गेले तर त्याला ते आयुष्यभर पुरते.

वीटभट्टीवर वेगळीच गत असते. थापलेल्या कच्च्या विटा एका सरीत विरघळून जातात. मजुरी हजारी विटांवर असते. विटा विरघळल्या की नवरा-बायकोने चार दिवस गाळलेला घाम चिखलात जातो, आणि उचल तेवढीच डोक्यावर राहते. थापलेल्या विटांची मोजणी रोजच्या रोज करून घ्यावी आणि झाकायची ताडपत्री भट्टीवाल्याने द्यावी, एवढे दोन मुद्दे हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून घेतले पाहिजेत.

२०१४ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर-मध्य महाराष्ट्रात लागोपाठ गारपीट झाली. लाखो हेक्टरवरचा गहू, हरभरा, ज्वारी आणि फळबागा झोपल्या. पंचनामे झाले, पॅकेज जाहीर झाले. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर शेतकऱ्याला मदत मिळते, अशी नियमाची भाषा पुढे आली. ती मदतही अपुरी असते, हे आम्ही जाणतो. यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख आम्हाला परके नाही. आपल्यापैकी कितीतरी जण दोन-चार एकरांचे धनी आहेत. पण जो गहू झोपला तो सोंगायला जाणाऱ्या बाईचा महिनाभराचा रोजही त्याच दिवशी झोपला. पंचनाम्याच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नाही. मक्त्या-बटईने शेत करणाऱ्याचे नाव कागदावर नसते, म्हणून तोही बाहेरच राहतो. हा रकाना असला पाहिजे, ही मागणी ग्रामसभेत मांडायला हवी. आपण मांडली नाही तर आपल्यासाठी दुसरे कुणी मांडणार नाही.

जयंतीचा मंडप

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. १४ एप्रिल ऐन वादळी दिवसांत येते. पुढे बुद्ध पौर्णिमाही उन्हाळ्यातच असते. गावोगावी मंडप पडतात, लोखंडी पाइप उभे राहतात, दिव्यांच्या माळा लागतात, उंच खांबावर निळा झेंडा आणि पंचशील ध्वज चढतो. बायामुले संध्याकाळी गर्दी करतात. हीच वादळाची वेळ.

२०२३ सालच्या ९ एप्रिलला, म्हणजे जयंतीच्या पाच दिवस आधी, अकोला जिल्ह्यात पारस येथे काय झाले ते आठवा. बाळापूर तालुक्यातल्या या गावी एका मंदिरात संध्याकाळी भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली गेले. शेजारचा जुना निंब त्या शेडवर कोसळला. सात माणसे गेली, पुष्कळ जखमी झाली. लोक आडोशाला गेले होते, आणि आडोसाच अंगावर आला. तिथे जमलेले लोक आपल्यासारखेच साधे होते. ती वेळ कुठल्याही गावावर, कुठल्याही कार्यक्रमावर येऊ शकली असती.

म्हणून जयंती मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. मंडप जुन्या झाडाखाली आणि विजेच्या तारांखाली टाकू नका. वाळलेल्या फांद्या आठवडाभर आधी छाटून घ्या. विजेची जोडणी रीतसर घ्या, आकडा टाकू नका, आणि उघडे जोड ओल्या जमिनीवर पडू देऊ नका. मिरवणुकीच्या गाडीवर उंच लोखंडी खांब लावला असेल तर वरच्या तारांची उंची आधी मोजा. त्या दिवशीचा अंदाज सकाळी आणि दुपारी पाहण्याचे काम एका कार्यकर्त्याला नेमून द्या. गडगडाट सुरू झाला तर लोकांना कुठे न्यायचे, विहारात की शाळेत, हे आधी ठरवून ध्वनिक्षेपकावरून सांगा. भाषण अर्ध्यावर थांबले तर काही बिघडत नाही. बाबासाहेबांचे विचार ऐकायला आलेले माणूस धडधाकट घरी गेले पाहिजे.

टिन, वाळवण आणि कागद

घरातल्या कामांचेही थोडे सांगू. टिन उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो. वादळात टिन सुटला की तो दगडच घरात पडतो. त्याऐवजी टिन हुकांनी नीट आवळून घ्यावेत आणि वरून तार ताणून बांधावी. काम मार्च उजाडायच्या आत करावे. वादळात उडणारा टिन धारदार असतो. त्याच्यामागे धावू नये. तुटून पडलेल्या तारेला कुणी हात लावू नये. मुलांना लांब ठेवून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.

कुरड्या, पापड, शेवया, मुंगवड्या यांचे वाळवण याच दिवसांत होते. ते सकाळी घालावे आणि दुपारी तीनला उचलावे. त्यासाठी म्हातारीला किंवा पोरीला गच्चीवर, टिनावर चढवू नये. एक घाण गेला तर पुन्हा करता येईल.

नुकसान झालेच तर कागद जपा. घराचा फोटो काढून ठेवा. तलाठी आणि ग्रामसेवकाला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. घर अधिकृत आहे का असे विचारले जाते, म्हणून नमुना आठचा उतारा आणि घरटॅक्सची पावती कोरड्या पिशवीत ठेवा. गावठाणात अतिक्रमण म्हणून दाखवलेल्या घरांची नोंद झाली नसेल तर ती मागणी आजच करा, वादळाची वाट पाहू नका. वीज पडून मृत्यू झाल्यास महाराष्ट्रात ती आपत्ती मानली जाते आणि वारसाला चार लाख रुपयांची मदत मिळते. ही मदत शेती नसलेल्यालाही आहे. पण त्यासाठी पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन लागते. दुःखाच्या भरात आपण घाईने अंत्यविधी उरकतो आणि मागे राहिलेल्या लेकरांचा हक्क बुडतो. तेवढे धैर्य शेजाऱ्यांनी दाखवावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटची सूचना सगळ्यांत स्वस्त आहे. जवळजवळ प्रत्येक विहारात एक फळा असतो. फेब्रुवारी ते जून रोज संध्याकाळी वंदनेच्या आधी आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीने उद्याचा अंदाज मोबाईलवर पाहावा आणि फळ्यावर खडूने लिहावा : उद्याचा रंग कोणता, ठिकाणे तुरळक की बरीच, वेळ कोणती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिने मोठ्याने सांगावे. सकाळी कामाला निघताना आई-बापाला ते आठवेल, आणि दुपारी गडगडाट झाला की पात सोडून उठायला त्यांचे पाय अडखळणार नाहीत. येत्या रविवारी हा फळा सुरू करा.